अर्नाळ्याची बाई

पैसे भरून होईपर्यंत हॉटेलचं नाव कळायचं नाही. त्या साइटची सगळी गंमत त्यातच होती, आणि माझ्या वडिलांना नेमकं तेच खटकलं.

“माल न बघता?” त्यांनी विचारलं.

“माल न बघता.”

“कल्ला न उघडता?”

“बाबा, हॉटेलला मासळीसारखे कल्ले नसतात हो.”

ते हसले नाहीत. नायगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटरच्या टेबलापासून दोन हात लांब खुर्ची ओढून ते बसले होते आणि पडद्याकडे टक लावून बघत होते. मला त्यांची मजा वाटली. आज तो चेहरा आठवला की मजा वाटत नाही. त्या दुपारी मी त्यांच्याकडे नीट बघितलं असतं तर पुढचे दोन महिने वेगळे गेले असते, असं मी स्वतःला पुष्कळदा बजावलं आहे. पण मी बघत होते आकड्याकडे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. नवरा साताऱ्याकडचा, मी वसईच्या पाचूबंदरची, आणि दोघांच्या पगारावर कर्ज काढून घेतलेला हा फ्लॅट. कॉम्प्युटर सेकंडहॅण्ड होता. नेट लावलं की फोन बंद, आणि फोन आला की नेट बंद. त्या यंत्रावर मला एक व्यसन लागलं होतं. हॉटेलच्या खोल्यांवर बोली लावायचं.

मोठ्या हॉटेलांच्या खोल्या आडदिवशी रिकाम्या राहतात. त्या स्वस्तात काढायच्या तर उघडपणे काढता येत नाहीत, कारण पूर्ण भाडं भरणारं गिऱ्हाईक भांडायला येतं. म्हणून या साइट नाव झाकून ठेवायच्या. आपण गाव निवडायचं, गावाचा भाग निवडायचा, किती ताऱ्यांचं हॉटेल हवं ते सांगायचं आणि एका रात्रीचा आकडा टाकायचा. हॉटेलला तो पटला की कार्डावरून पैसे कापले जात आणि मग नाव उघडं होई. एकदा मान्य झालेली बोली मागे घेता येत नसे. तारीख बदलायची नाही, पैसे परत मागायचे नाहीत.

मी त्यात चांगलीच पटाईत झाले होते. झाकलेल्या हॉटेलच्या सोयींची यादी दिलेली असे. पोहण्याचा तलाव, टेनिसचं मैदान, समुद्राकडचा बगीचा वगैरे. त्याच सोयी कुठल्या हॉटेलात आहेत ते मी दुसरीकडे शोधून काढायचे आणि नाव आधीच ओळखायचे. शनिवार-रविवार सोडून मंगळवार-बुधवार धरायचे. पहिला आकडा इतका खाली टाकायचे की नवरा म्हणायचा, “लाज वाटू दे जरा.” नाशिकची एक खोली आणि महाबळेश्वरची एक खोली मी निम्म्याहून कमी भाड्यात पदरात पाडून घेतली होती. ऑफिसातल्या बायका मला चिठ्ठीवर तारखा लिहून द्यायला लागल्या. घासाघीस रक्तातच आहे हिच्या, कोळीण ना, असं कोणी म्हटलं की मी वरवर रागवायचे आणि आतून फुलायचे.

खरं तर रक्तात घासाघीस नव्हती, पुकारा होता. माझे वडील चाळीस वर्षं पाचूबंदरच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारत आले. बोट लागली की मालाच्या पाट्या वाळूत मांडायच्या, घेणाऱ्या बाया भोवती उभ्या राहायच्या आणि बाबा मध्ये. ज्या बाईला पाटी हवी ती पुढे येऊन पाटीच्या काठावर हात ठेवायची. दोघींचे हात एका काठावर असले की बोली चढायची. एकीने हात उचलला की तिने सोडली. मगच बाबा म्हणायचे, एक वार, दोन वार, तीन वार. समोरचीने हात उचलल्याशिवाय त्यांनी ‘तीन’ कधी म्हटलं नाही आणि पुकारणाऱ्याने स्वतः बोली लावायची नाही हा रिवाज कधी मोडला नाही. कागद-पेन्सिल त्यांनी बाळगली नाही. कुठली पाटी कुणाची, कितीला गेली, हे सगळं डोक्यात. बाईचं तोंड बघून पुकारायचे. तोंड ओळखीचं नसलं, अर्नाळ्यासारख्या दुसऱ्या बंदरची बाई असली, तरच विचारायचे, “कोनत्या बंदरची गो तू?” किनाऱ्यावर तो प्रश्न म्हणजे तू परकी आहेस असं जाहीर सांगणं होतं, आणि लहानपणी आम्ही पोरी एकमेकींना चिडवायला तोच विचारायचो.

आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. बाबा पाचूबंदरला थोरल्या भावाकडे राहायचे आणि रविवारी माझ्याकडे जेवायला यायचे. त्या रविवारी मी गोव्याची बोली लावणार होते. लग्नाला दहा वर्षं होत होती. तीन दिवस, समुद्राजवळ, तीन तारे. मी चौदाशेचा आकडा टाकला. या साइटवर उत्तर लगेच येत नसे. हॉटेल विचार करतंय, असं लिहून यायचं, मध्ये मोठ्या अक्षरात आपला आकडा, आणि खाली एक हिरवं बटण. ते दाबलं की आपला आकडा पन्नासने वाढायचा. उतावळ्या माणसांसाठी लावलेला तो सापळा होता. मी कधीच त्याला हात लावत नसे.

“याला हात लावायचा नाही हं बाबा,” असं सांगून मी बोंबील तळायला गेले. नवरा खाली दूध आणायला गेला होता.

वीस मिनिटांनी पदराला हात पुसत बाहेर आले तर बाबा माझ्या खुर्चीत बसले होते, माउसवर हात. पडद्यावर तीन हजार नऊशेचा आकडा. मी ओरडले. त्यांनी मागे बघितलं नाही. एकदा बटण दाबलं, आकडा बदलला, परत दाबलं.

“बाबा! काय करताय?”

“ती सोडत नाय,” ते म्हणाले.

“कोण?”

“ती. पलीकडची.” त्यांनी बोटाने पडदा दाखवला. “मी बोलतंय, ती वर बोलतेय. अर्नाळ्याची हाय. अर्नाळ्याच्या बाया सोडत नाय.”

मी वायर उपटली. उपटून काही उपयोग नव्हता, आकडा तिकडे पोचला होता. मग मी बाबांकडे बघितलं. कपाळावर घाम होता, पंखा तर डोक्यावर फिरत होता. डोळे जाळं फाटलेल्या माणसासारखे झाले होते.

नवरा वर आला तेव्हा मी रडकुंडीला आले होते. सगळं ऐकून तो हसायलाच लागला. त्याचं म्हणणं पटण्यासारखंच होतं. पडद्यावर मोठा आकडा दिसतो. चाळीस वर्षं लिलाव केलेल्या माणसाला तो समोरच्या बाईचा वाटणारच. तो त्यावर पन्नास चढवतो, लगेच नवा आकडा दिसतो, तोही समोरचीचाच. समोर कुणी नाहीच आहे हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? “बाबा बरोबर आहेत,” नवरा म्हणाला, “ही साइटच चूक आहे.” बाबाही हसले. मीही हसले. बोंबील गार झाले होते, ते आम्ही तसेच खाल्ले.

पुकारणाऱ्याने बोली लावायची नाही हा रिवाज बाबांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा मोडला होता. हे माझ्या लक्षात आलं होतं. जेवताना लक्षात आलं होतं, आणि मी ते बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी बोली मान्य झाल्याचं पत्र आलं. आणि इथे आमचं नशीब असं फिरलं की मी सगळं विसरले. एवढ्या आकड्यावर हॉटेल तीन ताऱ्यांचं न मिळता एक पायरी वरचं मिळालं होतं. त्याचं नेहमीचं भाडं मी शोधलं तर आमच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. दोन माणसांसाठी मागितलं होतं, तिसऱ्याची खाट फुकट देत होते. ऑफिसात बायकांनी टाळ्या वाजवल्या. “तुझ्या बाबांनाच बसव आता कॉम्प्युटरवर,” एकजण म्हणाली. बाबांच्या हातून झालेली गोष्ट म्हणून आम्ही त्यांनाच बरोबर न्यायचं ठरवलं. दोन महिने हातात होते.

‘अर्नाळ्याची बाई’ आमच्या घरात वस्तीलाच आली. चष्मा सापडला नाही की अर्नाळ्याचीने नेला. दूध उतू गेलं की अर्नाळ्याची आली असेल. बाबा रविवारी आले आणि जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने “जेवायला कधी वाढतेस गो?” म्हणाले, तेव्हा मी म्हटलं, “तुमचं ताट अर्नाळ्याचीने खाल्लं.” ते हसले, पण उशिरा. आम्ही कुणाला हसतोय हे आधी बघून मग हसले.

एकदा ते आमच्याकडे येताना शेजारच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसले. त्या घरच्या बाईने चहा दिला आणि मला बोलावणं पाठवलं. नायगावच्या नव्या बिल्डिंगी तेव्हा सगळ्या एका रंगाच्या, एका उंचीच्या. मी स्वतः एकदा चुकीच्या दाराला किल्ली लावली होती. ती गोष्ट मी त्या बाईला रंगवून सांगितली, आणि बाबांचा हात धरून घरी आणलं. हात थंड होता. जिने चढताना ते पुटपुटत होते. मी कान दिला. ते पायऱ्या मोजत होते.

प्रत्येक गोष्टीला माझ्याजवळ उत्तर तयार होतं. उत्तरं शोधण्यात मी हुशार होते, सोयींच्या यादीवरून हॉटेलचं झाकलेलं नाव ओळखायचे. इथे तर यादी रोज माझ्यासमोर वाढत होती आणि नाव मी ओळखत नव्हते. ओळखलं होतं, पण उघडं करायचं नव्हतं.

जायला आठवडा राहिला होता तेव्हा पाचूबंदरची एक म्हातारी मासळीवाली मला वसई बाजारात भेटली. माझ्या आईची मैत्रीण. मला बघून तिने गिऱ्हाईक सोडलं, हाताचं पाणी झटकलं आणि मला मागे, बर्फाच्या पेट्यांपाशी नेलं.

“बाय, तुज्या बापसाला जरा बघ.”

“काय झालं?”

“परवा त्यानं एकच पाटी दोघींना दिली. मना दिली आनि वर दुसरीला पन दिली. भांडान झालं. तो म्हनतो, मी दिलीच नाय. चाळीस वरसांत असं कधी नाय झालं, बाय. बाया गप बसल्या, त्याची लाज राखली. पन आता त्याला पुकारायला उभा नाय करत. कोपऱ्यात बसतो तो. तुज्या भावानं सांगितलं नाय तुला?”

नव्हतं सांगितलं. किंवा फोनवर “बापूस हल्ली विसरतो गो” असं तो म्हणाला होता आणि मी म्हणाले होते, “वय झालं.” म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला उत्तर हवं होतं. आणि मी, देवा, मी काय म्हणाले?

“मावशी, ती अर्नाळ्याची असेल दुसरी.”

तिला गंमत कळली नाही. कळणार कशी? ती परत जाऊन गिऱ्हाइकाला मांदेली मोजून देऊ लागली. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आधी डॉक्टरला दाखवू, गोवा राहू दे. मी म्हटलं, पैसे परत मिळत नाहीत. तो म्हणाला, जाऊ देत पैसे. मी म्हटलं, तीन दिवसांचाच प्रश्न आहे, बाबांना हवापालट होईल, आल्या आल्या दाखवू. खरं हे होतं की इतक्या स्वस्तात मिळवलेली ती खोली मला सोडवत नव्हती. काठावरचा हात मीही उचलत नव्हते.

हॉटेल फार सुंदर होतं. संगमरवरी फरशी, कुंड्या, मधोमध निळा तलाव. बाबांनी चपला दारातच काढल्या आणि हातात घेतल्या, त्या खोलीत पोचेपर्यंत खाली ठेवल्या नाहीत. मालक कुठे आहे, असं त्यांनी दोनदा विचारलं. मालक नसतो बाबा, मॅनेजर असतो, असं मी सांगितलं. “मंग माल कुनाचा?” ते म्हणाले. खोल्यांच्या मजल्यावर लांबच लांब बोळ होता, दोन्हीकडे सारखी दारं, खाली गालिचा, त्यामुळे पावलांचा आवाज नाही. त्या बोळाच्या तोंडाशी बाबा थांबले. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

“इथून भायेर कसं पडायचं?”

“लिफ्टने, बाबा. आत्ता आलो ना?”

“आत्ता?” ते म्हणाले.

इतकं स्वस्त का मिळालं तेही खोलीची खिडकी उघडल्यावर कळलं. हॉटेलच्या भिंतीपलीकडे मच्छीमारांची जेटी होती. वाऱ्याबरोबर डिझेलचा आणि सुक्या मासळीचा वास सरळ आत आला. नवऱ्याने नाक मुरडलं. बाबा मात्र खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. बोटी बघून त्यांनी कुठल्या बोटीने आज काही आणलं नाही, कुठली भरून आली आहे, हे पाण्यात ती किती बसली आहे त्यावरून सांगितलं. सगळं बरोबर वाटत होतं. मी नवऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या, बघ, म्हटलं होतं ना?

संध्याकाळी तलावाकाठी जेवायला बसलो. मेणबत्त्या होत्या, कुणीतरी गिटार वाजवत होतं. बाबांनी सोलकढीचा घोट घेतला, आजूबाजूला बघितलं आणि अगदी सहज विचारलं, “तुजी आय जेवली?”

नवऱ्याने चमचा खाली ठेवला. मला दोन उत्तरं सुचली. एक खरं होतं, ते दिलं असतं तर बाबांसाठी आई त्या टेबलावर पुन्हा गेली असती. मी म्हटलं, “हो, जेवली.” ते मान हलवून जेवू लागले. त्या क्षणी मला सगळं कळलं. काही झाकलेलं उरलं नाही. भीती वाटली, लाज वाटली, आणि तरी मी दुसऱ्यांदा वाढलेली कोळंबी खाल्ली, कारण बाबा माझ्याकडे बघत होते.

सकाळी सहा-सव्वासहाला जाग आली तेव्हा तिसरी खाट रिकामी होती. दार नुसतं लोटलेलं. चपला होत्या. बोळात पळत गेले, डावीकडे सगळी बंद दारं, उजवीकडे बंद दारं. खाली पहारेकऱ्याने सांगितलं, म्हातारे बाबा ना, मागच्या फाटकातून गेले, मी सलाम केला. नवरा समुद्राच्या बाजूला धावला आणि मी जेटीकडे.

ऊन नुकतं वर येत होतं. जेटीवर लिलाव चालू होता. लांबून मला बाबांचा आवाज ऐकू आला, आणि खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. तोच आवाज, लहानपणी झोपेत ऐकू यायचा तो, स्वच्छ, पाण्यावरून जाणारा. वाटलं, हौसेने पुकारायला उभे राहिले असतील, लोक कौतुकाने ऐकत असतील.

जवळ गेले. बायका आणि खलाशी गोल करून उभे होते. मध्ये बांगडे भरलेली एक पाटी, आणि तिच्या काठावर हात ठेवून अनवाणी बाबा. पाटीच्या पलीकडे कुणी नव्हतं. बाबा आकडा बोलत होते, समोरच्या मोकळ्या जागेकडे बघून उत्तर ऐकत होते, आणि पन्नास चढवून परत बोलत होते. काही बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाकीच्या हसायच्या थांबल्या होत्या. तिथला पुकारणारा जाडजूड माणूस हात जोडून म्हणत होता, “चाचा, आप का ही है, कब का आप का हो गया.” बाबांना ते ऐकूच येत नव्हतं. कपाळावरून घाम गळत होता.

“बाबा, चला,” मी म्हटलं.

“ती सोडत नाय.”

“कोणी नाही तिथे. बाबा, बघा ना, कोणी नाही.” मी त्यांचा दंड धरला. त्यांनी तो असा झटकला की मी दोन पावलं मागे गेले. आयुष्यात त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. परत पाटीकडे वळून ते पुढचा आकडा बोलले. आवाज फाटायला लागला होता. मला वाटलं, हे असेच बोलत बोलत इथे कोसळणार. नायगावला त्या रविवारी मी वायर उपटली होती. इथे उपटायला काही नव्हतं.

मग मी गोलातून पुढे झाले, पाटीच्या पलीकडे त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिले, आणि वाकून काठावर हात ठेवला.

बाबा बोलले. मी त्यावर पन्नास बोलले.

त्यांनी वर बघितलं. आता त्यांना समोर कोणीतरी दिसत होतं. त्यांनी पन्नास चढवले. मी पन्नास चढवले. आम्ही दोघं बोलत राहिलो, एकमेकांच्या डोळ्यांत बघून, आणि गोलातलं कुणीही हसलं नाही. पाच वेळा असेल, सहा वेळा असेल. मग मी एकदम पाचशेने उडी मारली.

बाबांनी माझा चेहरा बराच वेळ निरखला. त्यांचा श्वास हळूहळू खाली बसला. बोटं एकेक करून सुटी झाली आणि त्यांनी पाटीच्या काठावरून हात उचलला. ताठ उभे राहून, सगळ्यांकडे एकदा बघून, रिवाजाप्रमाणे त्यांनीच पुकारलं.

“एक वार. दोन वार. तीन वार.”

नवरा तोवर येऊन गर्दीच्या मागे उभा होता. बाबांनी लुंगीच्या टोकाने कपाळ पुसलं आणि अगदी शांतपणे मला विचारलं, “कोनत्या बंदरची गो तू?”

मला सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

“अर्नाळ्याची,” मी म्हटलं.

“मना वाटलंच,” ते म्हणाले, आणि पाटी माझ्या पायाशी सरकवून, परक्या बाईला वाट द्यावी तसे बाजूला झाले.